स्वयंसेवक कोण, आणि हे ठरवणार कोण?

(डोंबिवलीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला थोडा भाग शेवटी जोडला आहे.)

रविवारची संध्याकाळ, त्यात आज मेगाब्लॉक. तरी ठाण्याहून, कल्याणहून मंडळी आलीयत. आजच्या विषयाच्या भाषेत बोलायचं तर तुमची 'निव्वळ किंमत' आज बरीच मोठी आहे. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्याशीच भांडायचं आहे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी प्राध्यापक नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात नोकरी केली. मधे कधीतरी त्याला एचआर म्हणायला लागले, पण हजेरीचं रजिस्टर तेच राहिलं. निवृत्तीनंतर एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे, मानद कोषाध्यक्ष म्हणून. म्हणजे आयुष्याचा एक भाग पगार घेणाऱ्यांना कामाला लावण्यात गेला आणि दुसरा पगार न घेता काम करणाऱ्यांमध्ये जातोय. म्हणूनच हा विषय घेतला.

ज्यांच्या संशोधनाबद्दल बोलणार आहे त्या फेमिडा हँडी. आधी टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात होत्या, मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. माणसं फुकट काम का करतात, कमी पगारात काम का करतात, आणि ही दोन माणसं एकाच छपराखाली आली की काय होतं, हा त्यांच्या कामाचा गाभा. मला त्या जवळच्या वाटल्या याचं कारण वेगळं आहे. त्यांच्या भारताविषयीच्या कामात पुण्याच्या भाग्यश्री रानडे यांचं नाव सहलेखिका म्हणून पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे हे संशोधन फिलाडेल्फियात बसून भारताकडे दुर्बिणीतून बघणारं नाही. ते इथे, महाराष्ट्रात, माणसांना भेटून झालेलं आहे. त्यामुळे त्याची स्तुतीही आपल्या भाषेत करता येते आणि त्याच्याशी वादही आपल्या भाषेत घालता येतो.

सुरुवात १९९६च्या एका निबंधापासून करतो. राम क्नान, हँडी आणि मार्गारेट वॉड्सवर्थ यांनी मिळून लिहिलेला. प्रश्न अगदी साधा: स्वयंसेवक कोणाला म्हणायचं? त्यांनी आधीच्या व्याख्या गोळा केल्या आणि त्यांतून चार कसोट्या काढल्या. काम स्वेच्छेनं आहे का? मोबदला आहे का, आणि किती? एखाद्या संस्थेच्या चौकटीत आहे का? आणि फायदा कोणाला होतो, परक्याला, ओळखीच्याला, की स्वतःलाही? प्रत्येक कसोटीवर एक कडक टोक आणि एक सैल टोक. मोबदल्याचंच बघा. कडक टोकाला 'काहीच नाही', मग 'अपेक्षा नाही', मग 'खर्चाची भरपाई', आणि सैल टोकाला 'अल्प वेतन'. हे शेवटचं टोक विसरू नका.

मग त्यांनी एक गंमत केली. लोकांसमोर वेगवेगळ्या माणसांची यादी ठेवली आणि म्हणाले, प्रत्येकाला एक ते पाच गुण द्या, हा किती स्वयंसेवक आहे? यादी वाचताना हसू येतं. आईवडिलांबरोबर वृद्धाश्रमात गेलेलं सहा महिन्यांचं बाळ. फुकट तिकीट मिळतं म्हणून संगीताच्या कार्यक्रमात लोकांना जागा दाखवणारा मुलगा. अफरातफरीचा खटला टाळण्यासाठी अडीचशे तास समाजसेवा पत्करणारा हिशेबनीस. आणि माझ्या खात्यातला एक: तासावर पगार असणारा, पण स्वतःहून बिनपगारी जादा वेळ थांबणारा कामगार.

उत्तरांमधून जे दिसलं त्याला त्यांनी 'निव्वळ किंमत' म्हटलं. माणसानं काय गमावलं, त्यातून त्याला काय मिळालं ते वजा करा. जी बाकी उरेल, तेवढा तो लोकांच्या नजरेत मोठा स्वयंसेवक. २०००मध्ये हाच प्रयोग कॅनडा, भारत, इटली, नेदरलँड्स आणि अमेरिका इथे झाला, भारताच्या बाजूनं रानडे होत्या. ढोबळमानानं हिशेब सगळीकडे टिकला. नंतर आठ देशांचा एक निबंध आला, त्याच्या शीर्षकातच विचारलं होतं की हे सगळं बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे का.

मला हे पटतं, कारण मी ते कारखान्यात पाहिलंय. आमच्याकडे एकदा वरून आदेश आला, येऊरला वृक्षारोपण, शनिवारी, 'ऐच्छिक'. ऐच्छिक, आणि बसमध्ये चढताना हजेरी! यादी घेऊन मीच उभा होतो. मशीनवरचा एक जुना कामगार माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ओटी लागणार का? नाहीतर सी-ऑफ तरी?" त्या वेळी मला राग आला होता. आपण झाडं लावायला निघालोय आणि हा काय विचारतोय! आज वाटतं, त्या बसमध्ये निव्वळ किंमतीचा हिशेब नीट मांडणारा तो एकटाच होता. ऐच्छिक असेल तर हजेरी का, आणि हजेरी असेल तर ओटी का नाही?

आता माझा पहिला आक्षेप. ही फूटपट्टी स्वयंसेवकाला मोजत नाही, त्याच्याकडे बघणाऱ्याला मोजते. संशोधक स्वतः हे नाकारत नाहीत. लोकांची समजूतच त्यांना मोजायची होती, आणि ती त्यांनी चोख मोजली. अडचण पुढे होते, जेव्हा आपण या समजुतीलाच न्याय मानायला लागतो. किंमत म्हणजे काय? अर्थशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं, त्या वेळात तुम्ही जे कमावलं असतं ते. म्हणजे बीकेसीतल्या मोठ्या अधिकाऱ्याचा एक तास महाग आणि घरकाम करणाऱ्या बाईचा स्वस्त. आता हा हिशेब डोंबिवलीत लावून बघा. सकाळी सातच्या फास्टला लटकून जाणारा, रात्री साडेआठला परत येणारा माणूस. दिवसाचे तीन तास रेल्वेत. त्याला रविवारचे चार तास मिळतात, त्यांतले दोन तो इथे खुर्च्या लावायला देतो. त्या दोन तासांची किंमत पगाराच्या पावतीवर कुठे दिसते? आपल्याकडे १९९९पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. चित्ररथ बांधणारे, रस्त्यावर दोर धरून उभे राहणारे बहुतेक असेच. त्यांच्याजवळ द्यायला पैसा कमी आहे, आणि वेळ तर त्याहून कमी.

आणखी एक, जाता जाता. 'व्हॉलंटिअर' या शब्दाचं मराठी आपण 'स्वयंसेवक' करतो आणि निश्चिंत होतो. पण इथे हा शब्द कोरा नाही. डोंबिवलीत 'स्वयंसेवक' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोर काय येतं हे मी सांगायला नको. (हशा.) सेवा दलात वाढलेल्याला वेगळं आठवतं. शब्दच असे भरलेले असताना एक ते पाच गुण देणारा माणूस कामाला गुण देतो, त्यागाला देतो, की शब्दाला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

आता पगाराकडे येऊ. १९९८मध्ये हँडी आणि एलियाकिम कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की कमी देऊन जास्त मिळतं का? सेवाभावी संस्थांमधल्या व्यवस्थापकांना कंपन्यांपेक्षा कमी पगार का, याचं त्यांचं उत्तर हुशार आहे. कमी पगार ही एक चाळणी आहे. पैशासाठी येणारा आपोआप गळतो, ध्येयासाठी येणारा राहतो. संस्थेला मुलाखतीत जे ओळखता येत नाही, ते पगाराचा आकडा ओळखून देतो. मी माणसं निवडण्याचं काम केलंय, त्यामुळे या युक्तिवादाचं मला कौतुक आहे. मुलाखतीत ध्येय सगळ्यांकडेच असतं.

पण चाळणी फक्त ध्येय चाळत नाही. परिस्थितीही चाळते. याचा पुरावा मला हँडींच्याच पुढच्या पुस्तकात दिसतो. २००६मध्ये त्यांनी मीनाझ कसम, सुझन फीनी आणि रानडे यांच्याबरोबर पुणे परिसरातल्या, बायकांनी बायकांसाठी उभ्या केलेल्या संस्थांवर पुस्तक लिहिलं. माझ्या मते हे त्यांचं सगळ्यात जिवंत काम. संस्थापक बाई कोण असते, तिला हे का करावंसं वाटलं, घरातून काय मिळालं, हे त्यांनी विचारलं. जे चित्र उभं राहतं ते आपल्या ओळखीचं आहे: शिकलेली बाई, घरात समाजकार्याची परंपरा, विचारांची बैठक, आणि पाठीशी उभं असलेलं घर. आता १९९८चा निबंध आणि २००६चं पुस्तक शेजारी ठेवा. कमी पगाराच्या चाळणीतून कोण पार होतं? जिच्या घरी दुसरा पगार येतो ती. तिचं काम यामुळे खोटं ठरत नाही, अजिबात नाही. पण जी चाळणीत अडकली तिच्याकडे ध्येय नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिच्याकडे फक्त दुसरा पगार नव्हता. हे दोन्ही निष्कर्ष एकाच लेखिकेच्या कामात आहेत. त्यांनी ते एकमेकांसमोर उभे करून भांडायला लावायला हवे होते, असं मला वाटतं.

आता हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलतोय, तर माझंही सांगतो. आमच्या वाचनालयात एक बाई पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायच्या. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत कर्मचाऱ्याला काय मिळतं हे इथे बसलेल्या अनेकांना माहीत आहे. त्यांनी एकदा कार्यकारिणीला पत्र दिलं, वाढ द्या म्हणून. बैठकीत मी बोललो. म्हटलं, "ही संस्था आहे, कंपनी नाही. आम्ही सगळे इथे फुकट काम करतो." टाळ्या नाही पडल्या, पण माना डोलल्या. ठराव फेटाळला. पुढच्या वर्धापनदिनी आम्हा मानद मंडळींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि शाली घड्या घालून तबकात ठेवायचं काम त्या बाईंनी केलं. मला निवृत्तीनंतरचे पैसे येतात. माझं फुकट आणि त्यांचं कमी यांची मी तुलना केली होती आणि तिला आदर्श म्हटलं होतं. हँडींच्या फूटपट्टीवर त्या दिवशी गुण मला मिळाले असते.

तर आता ते सैल टोक. मोबदल्याच्या कसोटीतलं 'अल्प वेतन'. १९९६च्या निबंधात तो वर्गीकरणातला एक कप्पा आहे, कोणाला तिथे बसवा असा सल्ला नव्हे. पण आपल्याकडे त्या कप्प्यात कोण राहतं? सरकार राहतं. आशा. सरकारी कागदांवर नाव काय? 'आशा स्वयंसेविका'. २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली, नंतर शहरी भागातही. ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत वस्त्यांमधून फिरणाऱ्या आशाताई तुम्ही पाहिल्या असतील. पगार नाही, कामागणिक मोबदला, आणि वर राज्याचं मानधन. गरोदर बाई दवाखान्यात बाळंत झाली की ठरावीक रक्कम, लसीकरणाचं वेगळं, सर्वेक्षणाचं वेगळं. कारखान्याच्या भाषेत याला पीस-रेट म्हणतात. पीस-रेटवर काम करणाऱ्याला मी तरी कधी स्वयंसेवक म्हटलेलं नाही.

आता त्या चार कसोट्या आशाताईला लावा. स्वेच्छा? अर्ज तिनंच केला, पण गरज होती म्हणून. मोबदला? अल्प. चौकट? पूर्ण सरकारी, अहवाल, बैठका, मोबाइलवर माहिती भरणं. फायदा? वस्तीचा. निव्वळ किंमत? प्रचंड. म्हणजे फूटपट्टीप्रमाणे ती अव्वल स्वयंसेविका ठरेल. आणि गोची नेमकी इथे आहे. तिला जितकं कमी द्याल, तितकी तिची निव्वळ किंमत वाढते, तितकी ती लोकांच्या नजरेत थोर होते. मोबदला वाढवला तर थोरवी कमी! मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या आशा २०२३च्या ऑक्टोबरात संपावर गेल्या, २०२४च्या जानेवारीत पुन्हा गेल्या, ठाण्यात आल्या, आझाद मैदानावर बसल्या. मार्च २०२४मध्ये राज्यानं त्यांच्या मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ मिळाली, शब्द मात्र 'मानधन'च राहिला.

'मानधन' हा शब्द आपल्या भाषेनं फार चलाखीनं घडवलाय. मान आणि धन. मान पुढे, धन मागे. पाहुण्या वक्त्याला मानधन देतात तेव्हा ते शोभतं. मलाही आज पाकीट मिळणार आहे. (हशा.) पण महिनाभर उन्हात फिरणाऱ्या बाईला मानधन म्हणायचं म्हणजे काय? किमान वेतनाचं नाव काढायचं नाही, असं ते सांगणं असतं. अंगणवाडीचंही तेच. १९७५पासून योजना चालू आहे आणि हुद्दा 'सेविका'. एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. न्यायालयानं मानधनाच्या आत वेतन बघितलं. जे काम संशोधनाच्या वर्गीकरणानं करायला हवं होतं, ते एका ग्रॅच्युइटीच्या खटल्यात झालं.

म्हणून माझं म्हणणं असं. हँडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यागाचा हिशेब मांडला. त्या त्यागाचा लाभ कोणाच्या ताळेबंदात जमा होतो, हे या फूटपट्टीत विचारलं जात नाही. लाभार्थी म्हणजे बाळंतीण, पेशंट, वाचक, हे ठीक. पण तिच्या कमी पगारामुळे ज्याचे पैसे वाचतात तोही लाभार्थीच की! त्याच्यासाठी एक पाचवी कसोटी हवी. हँडी या प्रश्नाच्या जवळ येऊन गेल्यात, हेही सांगायला हवं. २००८च्या एका निबंधात त्यांनी, लॉरी मूक आणि जॅक क्वार्टर यांनी कॅनडातल्या संस्थांमध्ये पगारी आणि बिनपगारी माणसं एकमेकांची कामं कशी घेतात हे तपासलं, आणि ये-जा दोन्ही दिशांनी असते असं दाखवलं. तिथे पैशाचा वास येतो. पण ते कॅनडा. तिथल्या स्वयंसेवकाला घरी जाऊन जेवायची चिंता बहुधा नसते.

विद्यार्थ्यांवरचं काम थोडक्यात, कारण वेळ होतोय. २०१०चा निबंध, बारा देश, त्यात भारतही. प्रश्न: पोरं स्वयंसेवा बायोडेटासाठी करतात का? उत्तर गमतीदार आहे. जिथे अशा कामाला नोकरीच्या बाजारात भाव असतो तिथे करणारे जास्त. पण केवळ बायोडेटासाठी येणारा कमी तास देतो. आपल्याकडच्या एनएसएसवाल्यांना यात नवीन काही नाही. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास, शिबिर, आणि मुंबई विद्यापीठात दहा वाढीव गुण. पण मी असे विद्यार्थी पाहिलेत जे दहा गुणांसाठी आले आणि पंधरा वर्षांनी अजून रक्तदान शिबिरं भरवतायत. का आलास आणि का राहिलास, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत फक्त त्या दिवसाचं उत्तर मिळतं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ.

श्रोता: आमच्या आयटी कंपनीत सीएसआरमधून शनिवारी शाळेत शिकवायला नेतात. ती स्वयंसेवा की नोकरी?

उत्तर: कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत, २०१४पासून. ते पैसे कंपनीचे. शनिवार कोणाचा? तुमचा असेल आणि 'नाही येत' म्हणता येत असेल, तर स्वयंसेवा. अप्रेझलच्या वेळी साहेबांनी तो विषय काढला तर ओटी मागा.

श्रोती: सर, मी स्वतः आशा आहे. तुम्ही म्हणता ते पैशाचं बरोबर आहे. पण वस्तीत मला ताई म्हणतात, रात्री-अपरात्री दार वाजवतात. उद्या मी पगारी झाले तर ते म्हणतील, पगार घेते, करेलच. तो मान जाईल ना?

उत्तर: ताई, हा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा मोठा आहे. अभ्यासक याबद्दल पन्नास वर्षं भांडतायत. टिटमस नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १९७०मध्ये रक्तदानाबद्दल हेच म्हटलं होतं, पैसे दिले की दानाची भावना आटते. जोन पिअर्स यांनी १९८३मध्ये एकच काम करणाऱ्या पगारी आणि बिनपगारी संस्थांची तुलना केली, त्यात फुकट काम करणारे जास्त समाधानी निघाले. त्यामुळे तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण रक्त देणारा वर्षातून दोनदा-तीनदा देतो आणि सोमवारी आपल्या नोकरीवर जातो. तुमचं हेच काम आहे. पगारी नर्सला लोक सिस्टर म्हणतातच ना? तुम्हाला काय वाटतं?

श्रोती: आमच्या हेल्थ पोस्टवरच्या सिस्टरना म्हणतात. पण रात्री दार माझंच वाजवतात.

उत्तर: हो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

श्रोता: त्या पुस्तकांची नावं परत सांगता का?

उत्तर: पुण्यातल्या संस्थांवरचं 'ग्रासरूट्स एनजीओज बाय विमेन फॉर विमेन', २००६. आणि भारतातल्या स्वयंसेवेवरचं 'फ्रॉम सेवा टू सायबरस्पेस', २०११. दोन्ही सेजची. महाग आहेत, वाचनालयात मागणी नोंदवा. आमच्याकडे नोंदवलीत तर खरेदीच्या बिलावर सही मलाच करायची आहे.